पुण्यातलं मसल क्लिनिक: डीएमडीची जेनेटिक टेस्ट, काउन्सेलिंग आणि औषधं, आमचा अनुभव

ज्यांच्या घरात डीएमडी हे नाव नुकतंच आलंय त्यांच्यासाठी लिहितेय, लांबलचक होणार आहे, पण पूर्ण वाचा. डीएमडी म्हणजे डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी. मुलग्यांना होणारा, जन्मतःच असलेला आजार, ज्यात स्नायू वर्षागणिक झिजत जातात. पुण्यात एका ट्रस्ट हॉस्पिटलमध्ये महिन्यातून एकदा मसल क्लिनिक असतं, त्या दिवशी न्यूरोचे डॉक्टर, जेनेटिक काउन्सेलर, फिजिओ, हार्टवाले, छातीवाले असे सगळे एकाच मजल्यावर भेटतात. माझ्या ताईच्या मुलाला आम्ही तिथं दाखवतो. ताई साताऱ्याला असते, दाजींना कंपनीतून सुट्टी मिळणं अवघड, म्हणून बहुतेक वेळा सोबत मी असते. हॉस्पिटलचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण मला त्यांची जाहिरात करायची नाहीये, तुम्ही मुंबईला जा नाहीतर बंगळुरूला, अशा क्लिनिकमध्ये तुमच्या मुलाला काय काय मिळायला पायजे ते कळावं एवढाच हेतू आहे.

आधी सगळ्यात चांगली गोष्ट सांगते, ती म्हणजे काउन्सेलिंग. डॉक्टर चांगले आहेतच, पण मला विचाराल तर तिथल्या जेनेटिक काउन्सेलर मॅडमचा एक तास हा त्या सगळ्या सर्व्हिसमधला सगळ्यात मोलाचा भाग आहे, आणि बऱ्याच ठिकाणी नेमका तोच नसतो. टेस्ट कुणीही करून देतं, ब्लड घेतात, मेलवर रिपोर्ट येतो, पुढं काय?

आमचं असंच झालं होतं. भाचा साडेतीन-चार वर्षांचा असताना जिना चढताना कठडा धरायचा, पळताना मागं राहायचा, पण पोटऱ्या मात्र भरलेल्या टणक, त्यामुळं आल्यागेल्या प्रत्येकाचं एकच, पोरगा पैलवान होणार बघा. खाली बसला की उठताना आधी ओणवा व्हायचा, मग गुडघ्यावर हात, मग मांडीवर हात, असा स्वतःच्याच अंगावर हात टेकत टेकत उभा राहायचा. याला गॉवर्स साइन म्हणतात आणि कुठल्याही लहान मुलात हे दिसलं तर थांबू नका. तापाच्या निमित्तानं ब्लड टेस्ट केली तर एसजीपीटी, एसजीओटी वाढलेलं आलं आणि एका दवाखान्यात लिव्हरचं औषध सुरू झालं, काही महिने तेच चालू. ही दोन एन्झाइम्स फक्त लिव्हरमध्ये नसतात, स्नायूंमध्येपण असतात, स्नायू फुटायला लागले की तीही रक्तात उतरतात. शेवटी एका बालरोगतज्ज्ञ मॅडमनी सीपीके, म्हणजे स्नायू फुटले की रक्तात वाढणाऱ्या एन्झाइमची टेस्ट, करायला सांगितली. नॉर्मल दोनशेच्या आतबाहेर असते, त्याची पंधरा हजारांच्या वर. नुसती सीपीके लवकर केली असती तर तेवढे महिने वाचले असते, म्हणून सांगते, मूल उशिरा चालायला लागलं, टाचा उचलून चालतंय, सारखं पडतंय आणि लिव्हरचे आकडे वाढलेत तर आधी सीपीके मागा, साधी स्वस्त टेस्ट आहे, तालुक्याच्या लॅबमध्येपण होते.

मग जेनेटिक टेस्ट. आधी एमएलपीए नावाची ब्लड टेस्ट करतात. स्नायूंना लागणारं डिस्ट्रोफिन नावाचं प्रोटीन बनवणारा जीन एक्स क्रोमोसोमवर आहे, माणसाच्या शरीरातल्या सगळ्यात मोठ्या जीन्सपैकी एक, २० लाखांहून जास्त अक्षरांचा, आणि त्यात ७९ एक्झॉन, म्हणजे कामाचे तुकडे. साधारण तीनपैकी दोन मुलांमध्ये यातले एक किंवा जास्त एक्झॉन सरळ गायब असतात, काहींमध्ये डबल झालेले असतात, एमएलपीएमध्ये हे दोन्ही कळतं. त्यात काही सापडलं नाही म्हणजे आजार नाही असं धरू नका, बारीक एका अक्षराचा फरकपण असू शकतो, त्यासाठी पूर्ण सिक्वेन्सिंग करावं लागतं. स्नायूचा तुकडा काढून बायोप्सी करायची पूर्वी पद्धत होती, आता बहुतेक वेळा ब्लडवरच भागतं.

आमचा रिपोर्ट आला त्यात लिहिलेलं, एक्झॉन ४८ ते ५० डिलीशन. बस. सॅम्पल घेणाऱ्या सेंटरला विचारलं तर म्हणे डॉक्टरना दाखवा. ताईला वाटलं ७९ पैकी तीनच तर गेलेत, म्हणजे सौम्य असेल. हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो आणि इथंच काउन्सेलर मॅडमनी कागदावर रेल्वे काढून दाखवली. समजा ७९ डबे आहेत आणि प्रत्येक डब्याची कडी वेगळ्या आकाराची. मधले काही डबे काढले आणि उरलेल्या दोन बाजूंच्या कड्या एकमेकीत बसल्या तर गाडी आखूड होते पण चालते, तो बेकर प्रकार, त्यात माणूस बरीच वर्षं चालता राहतो. कड्या नाहीच बसल्या तर गाडी तिथंच तुटते, डिस्ट्रोफिन तयारच होत नाही, तो डुशेन. म्हणून किती डबे गेले त्यापेक्षा कुठले गेले ते महत्त्वाचं. एखाद्याचे ४५ ते ५५ असे अकरा गेलेले असतात तरी तो मोठेपणी चालत असतो, आणि कुणाचा एकटा ५० नंबर गेला तरी डुशेन. आमच्या ४७ ची कडी ५१ ला बसत नाही. मॅडमनी हे सांगितलं तेव्हा ताई रडली, पण तिला कळलं. इतके दिवस नुसतं धास्तीनं रडत होती.

डिस्ट्रोफिन नसलं की नक्की काय होतं तेही त्यांनी नीट सांगितलं. स्नायूची पेशी आकसते-सैलावते तेव्हा तिच्या आवरणाला आतून धरून ठेवायचं काम हे प्रोटीन करतं, ते नसलं की रोजच्या चालण्या-खेळण्यातच आवरण फाटतं, कॅल्शियम आत शिरतं, पेशी मरते, सुरुवातीला शरीर भरून काढतं, पुढं पुढं त्या जागी चरबी आणि चिवट तंतू भरतात. पैलवानासारख्या दिसणाऱ्या पोटऱ्यांमध्ये मोठेपणी तेच असतं. जीन १९८६ ला सापडला, प्रोटीन १९८७ ला, अमेरिकेत लुईस कुंकेल यांच्या टीमला. डुशेन हे त्याच्याही शंभर-सव्वाशे वर्षं आधीचे फ्रेंच डॉक्टर.

आता वंशावळ. मॅडमनी माझ्या आणि ताईच्या आईलापण बोलावून घेतलं होतं, आणि कागदावर पुरुषाला चौकोन, बाईला गोल असं काढत काढत विचारत गेल्या. आई म्हणाली आमच्यात कुणालाच नाही. मग मॅडमनी विचारलं, लहानपणी गेलेलं कुणी? तेव्हा आई म्हणाली, माझा एक मामा होता, पोलिओ झालेला, चौदा-पंधरा वर्षांचा असताना गेला. मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, ताप येऊन एकदम पाय गेले होते का हळूहळू? आई जरा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, माझी आई सांगायची की तो आधी पळायचा, मग पडायला लागला, मग बसूनच असायचा. पोलिओत सहसा असं होत नाही. तो चौकोन मॅडमनी काळा केला. तीन पिढ्या घरात ज्याला पोलिओ म्हणत होते तो बहुतेक हाच आजार. टेस्ट झाल्यावर आई कॅरिअर, म्हणजे स्वतःला आजार नसून तो बिघडलेला जीन बाळगणारी, निघाली, ताई कॅरिअर निघाली आणि मीही.

गणित सरळ आहे. बाईला दोन एक्स असतात, एक खराब असला तरी दुसरा बहुतेक वेळा सांभाळून घेतो, मुलग्याला एकच. कॅरिअर आईच्या प्रत्येक मुलग्याला आजार व्हायची शक्यता निम्मी, प्रत्येक मुलगी कॅरिअर असायची शक्यता निम्मी, आणि प्रत्येक गरोदरपणात हे नव्यानं, पहिल्याला झालं म्हणून दुसरा सुटला असं काही नसतं. आणि साधारण तीनपैकी एका मुलाच्या बाबतीत आई कॅरिअर नसतेच, बदल नव्यानंच झालेला असतो. तरीपण आईची ब्लड टेस्ट चांगली आली म्हणून निर्धास्त राहू नका, कधी कधी बदल फक्त बीजांडांमधल्या काही पेशींत असतो, रक्तात दिसत नाही, त्यामुळं पुढच्या वेळी तपासणी करायचीच.

हे ऐकल्यावर आपल्याकडं पुढचं वाक्य ठरलेलं असतं, तुझ्या माहेरकडून आलं. ताईच्या सासूबाईंनी तेच म्हटलं, तिथंच, मॅडमच्या समोर. मॅडम अजिबात चिडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, आजी, प्रत्येक माणसात कुठले ना कुठले बिघडलेले जीन असतातच, तुमच्यात पण आहेत, माझ्यात पण आहेत, कुणी निवडून घेतलेले नसतात, आणि तुमच्या सुनेनं गरोदरपणी काही खाल्लं-प्यायलं, ग्रहण पाळलं नाही, यातल्या कशानंही हे झालेलं नाही. सासूबाई गप्प बसल्या. लगेच बदलल्या असं नाही म्हणणार, पण त्या दिवशी परतीच्या एसटीत त्यांनी नातवाचे पाय मांडीवर घेऊन चोळले आणि ताईला म्हणाल्या, तू जरा झोप. एवढ्या एका कारणासाठी मी सांगेन की काउन्सेलिंगला सासरच्या माणसांना घेऊनच जा.

माझं वेगळं सेशन झालं, नवऱ्याला सोबत बोलावलं होतं. आम्हाला अजून मूल नाही. मॅडमनी पर्याय सांगितले, कुठलाच पुढं ढकलला नाही. गरोदर राहिल्यावर ११ ते १३ आठवड्यांच्या सुमारास वारेचा बारीक तुकडा घेऊन टेस्ट होते किंवा १६ आठवड्यांनंतर गर्भजल काढून, किंवा आयव्हीएफ करून आधीच गर्भ तपासून घेता येतो. मला भीती होती की हे लिंग तपासणीच्या कायद्यात अडकेल. तसं नाहीये. १९९४ च्या कायद्यानं आवडीनिवडीसाठी लिंग बघायला बंदी आहे, पण लिंगाशी जोडलेल्या आनुवंशिक आजाराचं निदान रजिस्टर्ड सेंटरमध्ये, कागदपत्रं पूर्ण करून करायला त्याच कायद्यात परवानगी आहे. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि मग लोक गुपचूप काहीतरी करायला जातात किंवा काहीच करत नाहीत. आणखी एक, कॅरिअर बायकांच्या हार्टवरपण परिणाम होऊ शकतो, म्हणून माझी आणि ताईची टूडी इको केली, आईची पण. हे मला याआधी कुणीच सांगितलं नव्हतं.

आता औषध. मुख्य औषध अजूनही स्टेरॉइडच आहे, प्रेडनिसोलोन किंवा डिफ्लाझाकॉर्ट. स्टेरॉइड म्हटलं की घरात सगळे घाबरतात, पण यानं मुलं दोन-तीन वर्षं जास्त चालतात, पाठीला बाक कमी येतो, फुप्फुसं आणि हार्ट जास्त दिवस टिकतात. डिफ्लाझाकॉर्ट वजनाच्या किलोमागं रोज ०.९ मिलीग्रॅम, भाचा २० किलोचा होता तेव्हा ६ च्या तीन गोळ्या, सकाळी नाश्त्यानंतर. आपल्याकडं ही गोळी साध्या मेडिकलमध्ये मिळते आणि परवडते. १० दिवस द्या, १० दिवस बंद अशीपण एक पद्धत होती, २०२२ ला मोठ्या ट्रायलचा रिझल्ट आला त्यात रोज देणं जास्त चांगलं ठरलं. साइड इफेक्ट आहेतच, गाल सुजतात, भूक प्रचंड लागते, चिडचिड होते, उंची खुंटते, हाडं ठिसूळ होतात, डोळ्यात मोतीबिंदू येऊ शकतो. म्हणून डाएटिशियनचा तक्ता, व्हिटॅमिन डी, मणक्याचा एक्सरे, डोळ्यांची तपासणी हे सगळं त्यांनी पहिल्याच दिवशी फाइलला लावून दिलं. कांजिण्यांची आणि एमएमआरची लस राहिली असेल तर स्टेरॉइड सुरू व्हायच्या आधी घ्या, या जिवंत लसी आहेत, नंतर चालत नाहीत. आणि गोळी मनानं कधीही एकदम बंद करू नका, जिवावर बेतू शकतं. उलट्या होऊन गोळी पोटात राहत नसेल तर तडक हॉस्पिटल गाठा.

फिजिओ सर कमाल आहेत. मैदानी पळापळ, उड्या, दोरीवरच्या उड्या, वजन उचलणं बंद, पोहणं चालू. रोज घोट्याचं स्ट्रेचिंग, गुडघा सरळ ठेवून टाच हातात धरायची आणि पाऊल वर ढकलायचं, त्यांनी ताईकडून करून घेतलं, मग माझ्याकडून, मग आमचा व्हिडिओ काढून दिला. रात्री घालायचे स्प्लिंट मापाचे बनवून दिले, उन्हाळ्यात घाम येतो म्हणून आतून सुती मोजा घालायला सांगितला. भाचा पहिले काही दिवस काढून फेकायचा, आता स्वतःच आणून देतो.

नवीन औषधांबद्दल सगळ्यात जास्त विचारलं जातं. आमच्या भाच्याचं डिलीशन असं आहे की ५१ नंबर पण वगळला तर ४७ ची कडी ५२ ला बसते, गाडी परत जोडली जाते. यासाठी एटेप्लिरसेन नावाचं इंजेक्शन अमेरिकेत २०१६ ला मंजूर झालं, दर आठवड्याला शिरेतून. डॉक्टरांनी सरळ सांगितलं की त्यानं तयार होणारं डिस्ट्रोफिन नॉर्मलच्या १ टक्क्याच्याही खाली होतं, युरोपनं २०१८ ला ते नाकारलं, आणि किंमत आपल्या कुणाच्याच आवाक्यातली नाही. जीन थेरपी, म्हणजे चालणाऱ्या जीनची आखूड नक्कल शरीरात सोडायची, ती २०२३ ला अमेरिकेत आली, एका डोसचे ३२ लाख डॉलर, आणि २०२५ मध्ये चालणं बंद झालेल्या दोन मुलांचा लिव्हर फेल होऊन जीव गेल्यावर त्यावर निर्बंध आले. व्हॅमोरोलोन आणि गिव्हिनोस्टॅट ही दोन नवी औषधंपण तिकडं मंजूर आहेत. हे सगळं सांगताना डॉक्टरांनी आशा तोडली नाही आणि खोटी आशा पण दाखवली नाही, रिपोर्ट जपून ठेवा, कुठल्याही ट्रायलमध्ये पहिल्यांदा तोच बघतात, एवढं म्हणाले. मला हा प्रामाणिकपणा फार आवडला.

कारण मधल्या काळात दाजींना कुणीतरी स्टेम सेलवाल्यांचा नंबर दिला होता. काही लाखांचं पॅकेज, फोनवर एकदम गोड बोलणं, मुलगा पळायला लागेल म्हणे. दाजी शेतीचा तुकडा विकायला निघाले होते. क्लिनिकच्या डॉक्टरांनी त्यांना बाजूला बसवून सांगितलं की आयसीएमआरच्या, म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, नियमांप्रमाणे या आजारात स्टेम सेल हा मान्य उपचार नाही, पैसे घेऊन देणं तर नाहीच, ट्रायलमध्ये असेल तर ते फुकट असायला पायजे. जमीन वाचली. कृपा करून कुणीही यात पैसे घालू नका, तुमच्या हतबलतेवर चालणारा धंदा आहे तो, मला याचा अतोनात राग येतो.

हार्टची टूडी इको दरवर्षी, आणि दहा वर्षांच्या आधीच हार्टचं संरक्षण करणारं औषध सुरू करतात, त्रास दिसायची वाट बघत नाहीत. श्वासाची फुंकायची टेस्टपण होते. निघताना एक छोटं कार्ड लॅमिनेट करून देतात, त्यावर आजाराचं नाव, स्टेरॉइडचा डोस, आणि ठळक अक्षरात की भूल द्यायची वेळ आली तर सक्सिनिलकोलीन हे स्नायू सैल करणारं औषध देऊ नये, वासाची भूलपण टाळावी, हार्ट बंद पडू शकतं. दात काढायचा असला तरी हे कार्ड दाखवायचं. भाच्याच्या दप्तरात एक आणि दाजींच्या पाकिटात एक असतं.

तक्रारी आहेत. वेटिंग भयंकर, सकाळी आठला नंबर लावला तरी निघायला संध्याकाळ होते, आणि व्हीलचेअरवरच्या मोठ्या मुलांसाठी त्या मजल्यावर एकही धड टॉयलेट नाही, दरवाजातून खुर्ची आत जात नाही, एक आई पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला उचलून नेताना मी बघितलंय. मसल क्लिनिक चालवता आणि हेच नाही? लेखी सांगून झालं, अजून काही झालेलं नाही. सगळे कागद इंग्लिशमध्ये, मराठीत एक पान द्यायला काय हरकत आहे, गावाकडून येणाऱ्या आया बाहेर बाकावर बसून दुसऱ्यांना वाचून दाखवा म्हणतात. फोन लागत नाही. आणि मोठ्या मुलांच्या मनाचं बघायला कुणी नाही, सायकॉलॉजिस्ट आठवड्यातून एक दिवस येतात, तो दिवस वेगळाच.

पैशांचं म्हणाल तर केसपेपर नाममात्र, एमएलपीए काही हजारांत झाली, इकोला ट्रस्टकडून सवलत मिळाली. त्यांच्या सोशल वर्कर ताईंनी यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचा, फॉर्म भरून दिला, २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांमध्ये मस्क्युलर डिस्ट्रॉफी स्वतंत्र लिहिलेली आहे हे सर्टिफिकेटच्या वेळी ठामपणे सांगा. केंद्राच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणातही डीएमडी आहे, ५० लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे, महाराष्ट्रात त्यासाठी मुंबईच्या केईएम हॉस्पिटलला नोंदणी करायची.

माझ्याकडून पाचपैकी चार. टॉयलेट झालं की साडेचार करेन.

जाणार असाल तर आधीच्या सगळ्या सीपीके, एसजीपीटीचे रिपोर्ट, लसीचं कार्ड, आणि मूल जमिनीवरून उठतानाचा व जिना चढतानाचा मोबाइलवरचा व्हिडिओ न्या, तिथं गर्दीत मुलं काहीच करून दाखवत नाहीत. मामा, मावशी, आजीचे भाऊ यांच्यात कुणी लहानपणी चालायचं थांबलं होतं का ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून न्या. डबा न्या, कँटीन दुपारी दोनला बंद होतं. आणि कॅरिअर टेस्टबद्दल कुणा बाईला खाजगीत काही विचारायचं असेल तर मला मेसेज करा, रात्री नऊनंतर उत्तर देते.